काकड्या पर्स विणतो

मानवजातीचा सगळा इतिहास म्हणजे सुई आणि तलवार यांच्यातला झगडा आहे, आणि अंती विजय सुईचाच होतो. कोसबाडच्या टेकडीखालच्या पाड्यावर तलवार कोणाकडेच नव्हती, तिथं कोयत्यावर भागवत. सुई एक होती, क्रोशाची, काकड्याच्या हातात. तिच्या आकड्यात दोरा अडकून बसला होता, काकड्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, आणि एकंदरीत त्या दिवशी तरी सुई हरत होती.

काकड्या चिकूच्या वाडीत फळं काढायचा. लांब बांबू, त्याच्या टोकाला जाळीचा झेला आणि वर बघून बघून आखडलेली मान, हा त्याचा धंदा. उरलेल्या वेळात तो लोकांना मारायचा. उगाच नाही मारायचा, कारणं सगळी वाजवी असत. हिरूचे पुढचे दोन दात त्याने पाड्यापाड्यांच्या क्रिकेट सामन्यात पाडले, कारण हिरू अंपायर होता. सुकऱ्याचा हात मोडला, कारण सुकऱ्या ताडी पिऊन म्हणाला की काकड्याला ताडी चढते. ती चढत नाही हे सिद्ध करायला काकड्याला दुसरा काही मार्ग सुचला नाही.

बायकोवर, नवशीवर, मात्र त्याने कधी हात उचलला नव्हता. हे तो न विचारता सगळ्यांना सांगायचा. नवशी म्हणायची, "हात रिकामा कधी होता त्याचा?"

मग तिच्या भावाचं, अमृतचं लग्न निघालं. तलासरीच्या पुढे डोंगरात तिचं माहेर. तिथं काकड्याने फर्माइश केलेलं गाणं बँजोवाल्याने दुसऱ्यांदा वाजवायला नकार दिला. काकड्याने बँजोवाल्याला बँजोने मारलं. बँजोवाल्याचे भाऊ धावून आले, त्यांना त्याने मंडपाच्या खांबाने मारलं. खांब काढल्यावर मंडप राहत नाही, तसा तो राहिला नाही. नवरानवरी आणि भाताचं पातेलं एकाच वेळी खाली सापडली. लग्न लावणारी धवलेरी म्हातारी तेवढी गाणं न तोडता मंडपाखालून रांगत बाहेर आली आणि पुढची ओळ म्हणाली. नवशी माहेरीच राहिली.

रीतीप्रमाणे काकड्या पाड्याचे जाणते बरोबर घेऊन, ताडीचा कॅन घेऊन तिला आणायला गेला. जाणत्यांनी अंगणात बसून कॅनला न्याय दिला. नवशी उंबऱ्यापर्यंत आली आणि तिने काकड्याच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी टाकली. आत पांढऱ्या दोऱ्याची दोन गुंडाळी, गुलाबी दोऱ्याचं एक, एक सुई, आणि पुरीएवढा विणलेला गोल.

"बचत गटात शिकत होते," ती म्हणाली. "छोटी पर्स करायची होती, वर फूल काढून. आता तू कर."

"मी?"

"तू. पुरी करायची, फुलासकट, नि माझ्या हातात आणून द्यायची. मग येते मी. पण तोवर कोणाच्या अंगाला तुझा हात लागला तर इकडचा रस्ता विसर."

"नि त्यानं आधी लावला तर?"

"तर लागलेला सोस."

हे जाणत्यांसमोर बोललं गेलं, त्यामुळे ते दगडावर कोरल्यासारखं झालं. जाणत्यांना परत जाताना आपली घरं सापडली नाहीत, पण ही अट त्यांच्या पक्की लक्षात राहिली आणि पाडाभर पसरली.

काकड्या घरी आला. नवशी नसलेल्या घरात त्याला चूलसुद्धा ओळख दाखवीना. तो मार खाऊन किंवा देऊन आला की नवशी हळद लावायची आणि लावताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता गुडघ्यावरचं खरचटलेलं त्याने स्वतः हळद लावून बांधलं, पण शिव्यांवाचून ते भरेना. त्याने सुई हातात घेतली.

पहिला आला हिरू. त्याने आधी कुंपणाबाहेरून खडा मारून बघितला. काकड्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग हिरू जवळ आला, दोन दातांच्या फटीतून हसला आणि त्याने काकड्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की कोंबड्या उठून आंब्यावर गेल्या. काकड्याचा हात वर उठला. हातात सुई होती, सुईवर टाका होता. हात अजून वीतभर वर गेला असता तर टाका सुटला असता, आणि टाका सुटला असता तर नवशी. हात खाली आला.

"खरंच नाय मारत," हिरू आश्चर्याने म्हणाला, आणि खात्री करायला त्याने पुन्हा मारलं.

त्यानंतर काकड्याच्या दारात माणसं येऊ लागली. सुकऱ्या दांडकं घेऊन आला. तुक्याला काकड्याने एकदा विहिरीत टाकलं होतं, तो नुसता बादलीभर थंड पाणी घेऊन आला, कारण तुक्या सज्जन होता. कोणीतरी काकड्याचा सुजलेला फोटो मोबाइलवर स्टेटसला लावला आणि बातमी पार किनाऱ्यावरच्या झाईपर्यंत गेली. झाईहून एक मासेवाला बस बदलत आला. काकड्याने आपल्याला कधी मारलं होतं हे त्याला नीट आठवत नव्हतं, पण मारलं होतं हे नक्की. त्याने काकड्याच्या पोटात दोन गुद्दे घातले, चहा घेतला, आणि बोंबलाची जुडी ठेवून परतीची बस पकडली.

बचत गटाचा क्रोशाचा वर्ग समाजमंदिरात भरायचा. शिकवायला डहाणूहून शितल ताई यायच्या. बायकांच्या मधोमध फुटक्या ओठाचा एक दांडगा बाप्या मांडी घालून बसलेला बघून त्या पहिल्या दिवशी दारातच थांबल्या होत्या. मग त्यांना त्याची सवय झाली.

"हा मुका खांब," त्या म्हणाल्या. "सुई घाला, दोरा ओढा, दोन्ही फासातून एकदम काढा."

"मुका का?" काकड्याने विचारलं.

"या टाक्याचं तसंच नाव आहे."

"तुझ्यासारखा हाय तो," शेजारची बुधीबाई म्हणाली. "टोचलं तरी बोलत नाय."

बायका हसल्या. काकड्याने मान खाली घालून सुई घातली. दोऱ्यावर नाकातून एक थेंब पडला.

"थंड पाण्याने धुवा. गरम लावू नका, डाग बसतो," शितल ताई म्हणाल्या. मग त्यांनी त्याचं काम हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. "हे काय? प्रत्येक टाक्याला गाठ?"

"झेल्याला मारतो तशी. एक घर तुटलं तरी बाकीची जाळी धरून ऱ्हाते."

"पण काकड्याभाऊ, क्रोशाला गाठ नसते. सगळी साखळी असते. चुकलं तर ओढायचं, उसवायचं, पुन्हा करायचं."

"ओढलं की उसवतं?"

"पूर्ण."

काकड्याने त्यांच्याकडे एका डोळ्याने असं बघितलं की जणू त्यांनी पाण्याचं घर बांधायला सांगितलं होतं. "ओढल्यावर जातं ते काम कसलं, ताई?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "बरं, पिशवीला मारा गाठी. फुलाला मारू नका. गाठीने पाकळी वळत नाही."

त्याने तरी मारून बघितल्या. पाकळी वळली नाही. आलं ते फूल कमी आणि दाढेखाली सापडलेलं काहीतरी जास्त दिसत होतं. मग नाइलाजाने त्याने ताईंच्या पद्धतीने, बिनगाठीचं, मऊ गुलाबी फूल विणलं. त्याच्यावर त्याचा विश्वास मात्र बसला नाही. चोर घरात घेतल्यासारखा तो दिवसातून पाच वेळा त्या फुलाला बोट लावून ते आहे ना बघायचा.

अशात सुकऱ्याने एकदा काकड्याच्या बोटांवर पाय दिला. अंगठ्याचं नख काळं पडलं आणि काम अडलं. तेव्हा जाणते बसले. जाणत्यांपुढचा पेच असा, की बोटं मोडली तर पर्स होणार नाही, पर्स झाली नाही तर नवशी येणार नाही, आणि सून अडवून धरली हे पाप पाड्याला लागेल. दुसरीकडे, इतक्या लोकांचं इतक्या वर्षांचं उट्टं तसंच ठेवणं हेही बरं नाही. त्यांनी बराच विचार करून निकाल दिला: मारावं, पण हाताला मारू नये. आणि ओळ चालू असताना मारू नये. हातातली ओळ पुरी होऊ द्यावी.

सगळ्यांनी हे मानलं. आपल्याकडे कायदा कोणी पाळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी त्या दिवसांत काकड्याचं अंगण बघायला हवं होतं.

सुकऱ्या दांडकं मांडीवर आडवं ठेवून समोर बसायचा. "झाली का ओळ?"

"अजून थोडी हाय."

"कर, कर. घाई नको करू. वाकडी जायची."

काकड्या ओळ पुरी करायचा, सुई बाजूला ठेवायचा, आणि सुकऱ्या उठून त्याच्या पाठीत दांडकं घालायचा. एकदा बरगडी कडकन वाजली, तेव्हा दोघेही थबकले. "हाताला काय झालं नाय ना?" सुकऱ्याने विचारलं. काकड्याने बोटं हलवून बघितली. बोटं हलत होती. त्याने पुढची ओळ धरली. पुढे पुढे सुकऱ्याला कामातलं कळायला लागलं. "इथं एक घर सुटलंय बघ," तो म्हणायचा, काकड्या ते भरायचा, आणि मग सुकऱ्या जास्तच मन लावून मारायचा.

काकड्या हे सगळं कसं सोसत होता? तर तो आठवत होता. हिरूची डावी बाजू उघडी पडते. सुकऱ्या दांडकं उचलताना डोळे मिटतो. झाईचा मासेवाला गुद्दा मारल्यावर स्वतःचाच हात चोळतो. नवशीच्या हातात पर्स पडली की अट संपली, आणि अट संपली की... प्रत्येक मुक्या खांबाबरोबर काकड्या एकेकाचं थोबाड मनात पक्कं करत होता. इतक्या शांतपणे विणलेली पर्स आणि इतका राग एकाच माणसाच्या हातून एकाच वेळी तयार होताना त्या भागात तरी कोणी बघितला नव्हता.

पर्स पुरी झाली. पांढरी, तळहाताहून थोडी मोठी, गाठींमुळे नारळाच्या करवंटीसारखी टणक, वर गुलाबी फूल. काकड्याने ती शर्टाच्या आत पोटाशी ठेवली आणि तलासरीच्या गाडीत बसला. बुधीबाईने ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही म्हणून फक्त शेजारच्या घरांत सांगितली. थोड्याच वेळात हिरू, सुकऱ्या, तुक्या आणि आणखी काही माणसं एका जीपमध्ये कोंबून मागे निघाली. आजच्यानंतर काकड्या मोकळा होणार होता. जे काही उरलंसुरलं होतं ते उंबऱ्याअलीकडेच उरकणं भाग होतं.

नवशीच्या माहेरी भात झोडून पेंढा अंगणात रचला होता. नवशी दारात सूप घेऊन नाचणी पाखडत होती. तिच्या शेजारी कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. काकड्याने ते बोचकं बघितलं आणि त्याचे पाय भरभर पडू लागले. तेवढ्यात पेंढ्याआडून अमृत, तिचा भाऊ, मुसळ घेऊन बाहेर आला.

"दाजी, थांबा," तो अदबीने म्हणाला. "माझ्या लग्नाचा मंडप ऱ्हायलाय."

मागून जीप येऊन थांबली. सुकऱ्या उडी मारून उतरला. "ए, आम्ही आधीपासून लायनीत हाव."

"अंगण कोणाचं हाय?"

"माणूस कोणाच्या पाड्याचा हाय?"

"माझा दाजी हाय तो. पहिला हक्क माझा."

"मंडप पडला तेव्हा कुठं होता तुझा हक्क, भाताच्या पातेल्यात?" सुकऱ्याने विचारलं, आणि अमृतने मुसळ त्याच्या खांद्यावर उतरवलं.

मग काय झालं ते क्रमवार सांगणं अवघड आहे. सुकऱ्याचं दांडकं अमृतच्या डोक्यात बसलं आणि रक्ताची धार त्याच्या नवीन शर्टावरून खाली आली. अमृतचे चुलतभाऊ हातातली कामं टाकून पळत आले. तुक्या सोडवायला मध्ये पडला आणि त्याला दोन्ही बाजूंनी मार बसला, कारण सज्जन माणसाची हीच रीत आहे. कोणीतरी कोणाच्या तरी दंडाला चावलं. पेंढ्याची गंजी कलंडली, तिच्यातून एक जण बाहेर आला तो नाक धरून. जीपवाला भाडं मागायला गेला तो जीपच्याच टपावर उताणा पडला. एकच माणूस कोणाला मारत नव्हता. काकड्या गुडघ्यांवर रांगत, पर्सवर पोट धरून, लाथा आणि मुसळं चुकवत दाराकडे सरकत होता. सगळ्या चुकत नव्हत्या. एक कानामागे बसली आणि त्याला अंगण तिरकं दिसायला लागलं, तर तो तिरका रांगला.

उंबरा हाताभर राहिला असताना हिरू समोर आला. त्याच्या उजव्या हातात कोयता होता. डाव्या हाताने त्याने काकड्याच्या शर्टातून पर्स खेचली. काकड्याने खालून तिचं बूड धरलं. हिरूने ओढली, काकड्याने ओढली. झेल्याच्या गाठी त्या, एक घर हललं नाही. हिरूच्या हातात आलं ते फुलाचं टोक.

त्याने ते ओढलं.

ताई म्हणाल्या होत्या ते खरं होतं. पूर्ण. एक पाकळी गेली, दुसरी गेली, हिरू मागे मागे जात दोरा मुठीला गुंडाळत राहिला, आणि बघता बघता पर्सच्या मधल्या टाक्यापासून अंगणाच्या पार टोकापर्यंत गुलाबी दोरा ताणलेला आणि फुलाच्या जागी काहीच नाही. नवशीच्या हातातलं सूप थांबलं.

काकड्या उठून उभा राहिला. त्याचे दोन्ही हात मुठी होऊन छातीपर्यंत आले. अंगणातल्या मारामारीला ते दिसलं आणि ती जागच्या जागी थिजली. मुसळ वरचं वर राहिलं. हिरूने कोयता उचलला. डावी बाजू उघडी पडली होती.

काकड्याने नवशीकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, भुवई हलवली नाही. नुसती बघत होती.

तो खाली बसला. कानावर खोचलेली सुई काढली, पर्स गुडघ्यावर धरली आणि दोऱ्याचा पहिला फास घेतला.

"हिरू," तो म्हणाला, "सोडू नको. ताणून धर. ढिला पडला तर पाकळी लोळते."

हिरूने ताणून धरला. का धरला ते त्याला विचारून उपयोग नाही. इतके दिवस ओळ चालू असताना थांबायची सवय लागली होती, आणि सवय कोयत्यापेक्षा जड असते. काकड्या एकेक टाका घेत होता आणि प्रत्येक टाक्याला दोरा आखूड होत होता. मुठीला पक्का गुंडाळलेला दोरा हिरूला एकेक पाऊल पुढे आणत होता, कोयता तसाच वर. पहिली पाकळी झाली तेव्हा तो जीपजवळ होता. पुढच्या पाकळीला पेंढ्याजवळ. सुकऱ्या रक्ताळलेलं तोंड पुसत जवळ येऊन वाकून बघू लागला.

"इथं एक साखळी जास्त घे," तो हळूच म्हणाला. काकड्याने घेतली.

शेवटची पाकळी वळली तेव्हा हिरूचं नाक काकड्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. हिरू घामाने निथळत होता. कोयता अजून त्याने डोक्यावर धरला होता, तो आता मारण्यासाठी आहे की आडोशासाठी, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. काकड्याने मान पुढे केली. हिरूने डोळे मिटले. काकड्याने हिरूच्या मुठीजवळ दोरा दाताने तोडला, टोक फुलामागे दडवलं, आणि उठून पर्स नवशीच्या हातात दिली.

अट संपली.

हे अंगणातल्या प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं. सुकऱ्याने दांडकं हळूच पाठीमागे लपवलं. अमृत एक पाऊल मागे सरून पेंढ्यात बसला. तुक्या तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेऊ लागला. हिरूने डोळे उघडले आणि उघडल्याबद्दल त्याला पश्चात्ताप झाला. काकड्याने सुई परत कानावर खोचली, दोन्ही हातांचे पंजे एकमेकांवर चोळले, बोटं एकेक करून मोडली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला. त्यात एक दात कमी होता.

नवशीने पर्स उजेडाकडे धरली. फूल बघितलं, बोटाने दाबलं. रक्ताच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. केसांतला कंगवा काढून आत टाकला आणि पर्स उलटी केली. कंगवा खाली पडला. तिने तो उचलून पुन्हा केसांत खोचला, बोचकं काखेत घेतलं, चपला पायात सरकवल्या आणि एकदा नवऱ्याच्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं. मग तिने पर्स त्याच्या हातात परत दिली.

"तोंड उघडंच ऱ्हातंय हिचं," ती म्हणाली. "पुरी नाय झाली अजून. एक बटण लावून दे."